शिवणीवर उघडलेले डबे

टक्.

जेवणाच्या टेबलावर बराच वेळ कुणी बोललेलं नव्हतं, म्हणून तो एवढासा आवाजही सगळ्यांच्या कानात शिरला. टेबलाखाली घरातली बालवाडीतली नात, भिंगरी, मांडी घालून बसली होती आणि तिच्या हातात कसलासा पुठ्ठ्याचा डबा होता. तिने तो उघडला, पुन्हा मिटला. टक्.

दुसऱ्या एखाद्या घरात कुणीतरी 'गप्प बस गं जरा' म्हणालं असतं. या घरात मात्र सगळ्यांनी चावायचं थांबवून कान दिले. तीन पिढ्या डबे करण्यात गेल्या की माणसाला डबा डोळ्यांनी बघावा लागत नाही. पिझ्झाचा डबा मिटताना सुस्कारा टाकतो, केकचा जरा कुरकुरतो, बर्गरचा तर बोलतसुद्धा नाही, नुसता बसतो. हा आवाज यांतला कुठलाच नव्हता.

"हा आपला नाही," थोरले म्हणाले. त्यांचा घास हातातच राहिला होता. "कुठला डबा आहे तो?"

"जेव," आप्पा म्हणाले.

"नाही, पण तळाची घडी काहीतरी वेगळीच..."

"जेव म्हटलं ना."

थोरले जेवू लागले. कारखान्यात त्यांच्या हाताखाली माणसं चळाचळा कापत, पण वडिलांसमोर, आप्पांसमोर, त्यांचं वय अजून शाळेतच होतं.

धाकट्या सुनेने, घरात तिला धाकटीच म्हणत, ताटातला भात या कडेचा त्या कडेला केला. रविवारी दुपारी आप्पांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं की जेवण हे निमित्त असतं, हे तिला या घरात आल्या वर्षीच कळलं होतं. आजचं कारण तर ती स्वतःच होती. थोरल्या जाऊबाई बहिणीकडे गेल्या होत्या. अशा दिवशी त्यांना बरोबर बहीण आठवते. बाकी सगळे हजर. टेबलाच्या एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला सासूबाई. समोर थोरले आणि नणंद, जिला सगळेच ताई म्हणत. आणि धाकटीच्या शेजारी तिचा नवरा, घरातला छोट्या, सकाळपासून मूग गिळून बसलेला.

'बोल ना रे,' ती मनात म्हणत होती. 'एक वाक्य. एकच.'

त्याने लोणच्याची बरणी उगाच सरळ केली.

सगळी सुरुवात एका वाढदिवसातून झाली होती. बालवाडीतल्या कुणाचा तरी, बर्गरवाल्यांच्या दुकानात. मुलांनी अर्धा अर्धा बर्गर खाल्ला, खेळण्यासाठी भांडली आणि निघाली. मागे टेबलावर जे उरलं ते बघून धाकटी तिथेच खुर्चीत बसली. बर्गरला कागद, कागदावर डबा. बटाट्याच्या काड्यांना पाकीट. खेळण्याला पिशवी, पिशवीला खोकं. पेला, पेल्याचं झाकण, नळीचा कागद, रुमालाचा कागद. या सगळ्याला कडी असलेला मोठा डबा, आणि त्या डब्याला पुन्हा पिशवी. एका लेकराच्या अर्ध्या बर्गरमागे अकरा नग. एका मुलाचं सगळं तिने घरी आणलं, निळ्या चादरीवर मांडलं, फोटो काढला आणि बालवाडीच्या आयांच्या गटात टाकला. खाली दोनच शब्द लिहिले : 'हे तुमचं'.

मग त्या आयांनी ठरवलं की, खायचं ते घरून नेलेल्या डब्यात काढून घ्यायचं आणि बाकीचं तिथल्या तिथे काउंटरवर ठेवून, हसून म्हणायचं, 'हे तुमचं.' भांडायचं नाही, घोषणा नाहीत. पंधरा-वीस आयांचा खेळ होता तो. पण फोटो पाय फुटल्यासारखा गावभर फिरला. गेल्या आठवड्यात बर्गरवाल्यांच्या कितीतरी दुकानांत काउंटरवर ढीग लागले. एका दुकानात म्हणे ऑर्डर घेणारी पोरगी ढिगामागे दिसेनाशीच झाली.

तोवर धाकटीला अभिमान वाटत होता. ते डबे आपल्याच घरचे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कुठे तिचा छोटासा गट आणि कुठे आप्पांचा कारखाना. ही दोन टोकं कधी एकमेकांना भेटतील असं तिला वाटलंच नव्हतं.

भेटली. परवा बर्गरवाल्यांच्या खरेदी अधिकाऱ्याचा आप्पांना फोन आला. घरात त्याला टायवाले म्हणत. भर उन्हाळ्यातही त्याची गाठ सैल झालेली कुणी पाहिली नव्हती.

"तो काय म्हणाला ते सांगतो," आप्पा आता म्हणाले आणि पाण्याचा घोट घेतला. "म्हणाला, आप्पा, माणसं डबा फाडतात. या फोटोतला एकही डबा फाटलेला नाही. सगळे शिवणीवर उघडलेत, सपाट केलेत, धारेला धार लावून मांडलेत. इतक्या मायेने डबा उघडणारं घर आम्हाला एकच माहीत आहे."

खरंच होतं ते. या घरात बाहेरून आलेला कुठलाही डबा, मग तो बुटांचा असो की औषधाचा, फाडायचा नाही असा दंडक होता. जिथे डिंकाने जोडलेला असतो ती शिवण शोधायची, नखाने हलकेच सोडवायची, आणि डबा आडवा करून बघायचा. कसा कापलाय, कुठे पुठ्ठा वाचवलाय, कुठे नासलाय. जगातल्या कुणालाही न होणारी चूक या घराला झाली होती. कचऱ्याचा फोटोसुद्धा त्यांना नीटनेटका काढावा लागला.

"उद्या सकाळी तो येतोय," आप्पा म्हणाले.

"आणि त्याला काय हवंय ते मी सांगते," ताई म्हणाली. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तिचं, त्यामुळे घरातही ती गिऱ्हाइकांशी बोलावं तसंच बोले. "मोबाईलसमोर उभं राहून दोन वाक्यं बोलायचीत. फोटोतलं सामान एका मुलाचं नव्हतं, चार-पाच मुलांचं एकत्र केलं होतं. गैरसमज झाला, क्षमस्व. बस. नाहीतर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्या कारखान्याला."

"पण ते एकाच मुलाचं होतं, ताई."

"अगं, मला माहितीये. त्यालाही माहितीये. डबे पाठवतो कोण, आपणच ना?"

"मग खोटं कसं बोलू?"

"गोड बोलून," ताई म्हणाली. "मी रोज बोलते."

थोरल्यांनी ताट पुढे सरकवलं. "खोट्या-खऱ्याचं जाऊ दे. बर्गरवाल्यांचं काम गेलं तर दुसरी पाळी बंद. सरळ हिशेब आहे. दुसऱ्या पाळीतल्या माणसांसमोर जाऊन कोण सांगणार? तू सांगशील? 'दादा, काउंटरवर ढीग लागला, आता उद्यापासून येऊ नका'?"

धाकटीला त्या पाळीतले चेहरे माहीत होते. भिंगरी झाली तेव्हा त्यातल्याच बायकांनी आळीपाळीने येऊन तिचं अंग चोळून दिलं होतं.

"भाऊजी, मी त्यांचं काम घालवायला निघाले नव्हते."

"नव्हतीस, पण पोटावर पाय आलाच ना! घरी बसून फोटो टाकायला काय जातं?"

'घरी बसून' हे शब्द तिला बरोबर जिथे लागायचे तिथे लागले. भिंगरीसाठी तिने नोकरी सोडली, तेव्हा याच टेबलावर याच माणसांनी 'फार चांगलं केलंस' म्हटलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी. तो भिंगरीला टेबलाखाली पोळीचा तुकडा देत होता.

त्या फोटोची खरी गोष्ट एवढीच होती. फोटोची कल्पना तिची, दोन शब्द तिचे. पण डबे उघडले होते छोट्याने. ती कडी असलेला मोठा डबा सरळ फाडायला निघाली, तेव्हा तो कळवळून म्हणाला होता, "अगं, थांब, थांब, असा नको!" आणि मग चादरीवर बसून त्याने एकेक डबा असा सोडवला जसं कुणी झोपलेल्या बाळाचं झबलं काढावं. त्याला मजा आली होती. शेवटी दोन पावलं मागे जाऊन त्याने स्वतःच म्हटलं होतं, "हं, आता काढ." आणि आता तोच माणूस पोळीचे तुकडे करतोय!

"मी एक बोलू का?" सासूबाई म्हणाल्या.

सगळे वळले. सासूबाई टेबलाच्या त्या टोकाला असत त्या वाढायला, बोलायला नव्हे.

"तिचं काही चुकलेलं नाही."

"आई!" थोरले आणि ताई एकदमच म्हणाले.

"नाहीच चुकलेलं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी साबणाचा डबा फाडला, तर यांनी मला असा चेहरा करून दाखवला, जणू मी देवाचा फोटो फाडला. तेव्हापासून सपाट केलेले डबे माळ्यावर. पलंगाखाली डबे. माझ्या साड्यांच्या कपाटात डबे! अहो, मी म्हणते, कुणीतरी एकदा उचलून तुमच्याच कारखान्यावर नेऊन ठेवायलाच हवे होते. हिने निदान सुरुवात तरी केली."

"ते नमुने आहेत," आप्पा दुखावून म्हणाले.

"ते झुरळांचं घर आहे."

धाकटीला हसू यायला लागलं. एवढ्या वर्षांत सासूबाई पहिल्यांदा तिच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या, आणि उभ्या राहिल्या त्या माळ्यासाठी. पण हसू ओठांवर यायच्या आत सासूबाई तिच्याकडे वळल्या. "पण तूसुद्धा! जगाला सांगितलंस, आणि घरात एका शब्दाने नाही. मला भाजीवालीकडून कळावं, माझ्या सुनेने काय केलं ते?"

सासूबाई बाजूने आल्या, आणि लगेच गेल्याही. धाकटीने कपाळाला हात लावला.

"बरं, मग ठरलं ना?" ताईने मोबाईल काढला. "इथेच करून टाकू, खिडकीपाशी उजेड चांगला आहे. तू फक्त बोल, पुढचं मी बघते."

"मी बोलणार नाही, ताई."

"हट्ट नको करूस."

"हट्ट नाही. पंधरा-वीस जणी माझ्या शब्दावर तिथे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडावर मी सांगू, की मी त्यांना फसवलं? त्यातली एक तर आठव्या महिन्यात आहे, तरी रांगेत उभी राहिली. आणि ही..." तिने टेबलाखाली बोट दाखवलं. "हिच्यासमोर उघडले होते ते डबे. हिने मोजले होते. हिला काय सांगू, तुला मोजता येत नाही?"

"मुलं विसरतात," थोरले म्हणाले.

"डबेवाल्यांची नाही विसरत," आप्पा म्हणाले.

आप्पांनी हात धुतले, पुसले, आणि सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढून तो फोटो टेबलाच्या मध्यभागी ठेवला. निळी चादर, तिच्यावर अकरा नग.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "धाकटीला डबा उघडता येतो?"

उत्तराची गरज नव्हती. धाकटी बिस्किटांचा पुडाही दातांनी उघडते हे सगळ्यांना माहीत होतं.

"हा कडीचा डबा. याची शिवण आतल्या अंगाला आहे. मीच तशी ठेवली, वरून छपाई अखंड दिसावी म्हणून. नवख्या माणसाला ती सापडत नाही. कारखान्यातसुद्धा तिघांनाच सोडवता येते. एक मी." त्यांनी थोरल्यांकडे बोट केलं. "एक हा. हा तर शिव्याच देत बसलाय." आणि मग ते थांबले.

छोट्याच्या हातातला पोळीचा तुकडा टेबलाखालून कुणीतरी ओढून घेतला.

"मीच उघडले," तो म्हणाला.

धाकटीने डोळे मिटले. आलं एकदाचं बाहेर. पण तिला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. उलट आतून एक कढ आला. "विचारल्यावर!" ती म्हणाली. "सकाळपासून मी एकटी खातेय सगळ्यांची बोलणी, आणि तू विचारल्यावर सांगतोस!"

"अगं, मी योग्य वेळ बघत होतो."

"जेवण संपलं, छोट्या!"

"म्हणजे तू?" थोरले खुर्चीवरून अर्धे उठले. "कारखान्यात माझ्या शेजारी उभं राहून डबे कापतोस, आणि घरी येऊन..."

"दादा, मी फक्त उघडले रे! आणि खरं सांगू? उघडून मांडले तेव्हा पहिल्यांदा सगळे एकत्र बघितले. आपण एकेक वेगळा करतो ना. हा तुझ्या मशीनवर, तो माझ्या. एका पोरासाठी एवढं जातं, हे मला तोवर दिसलंच नव्हतं."

"मग सांगायचंस मला."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं!" थोरले ओरडले. "पण सांगायचंस!"

ताई आता छोट्यावर घसरली. टायवाल्यांना आपण काय तोंड दाखवणार, कुणी म्हणेल कारखान्यातूनच काडी केली, असं बरंच काही. दोघं भाऊ एकमेकांवर, बहीण एकावर, सासूबाई मधूनच माळ्यावर. धाकटी पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांचं गिऱ्हाईक होती. आता तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. या घराचं हे तिला कधी उमगलं नाही. भांडण जसं जवळच्या माणसावर सरकतं तसं त्यांना चेव येतो, आणि सुनेच्या वाट्याला मग नुसतं बघणं उरतं.

टक्.

"भिंगरे," आप्पा म्हणाले. "ये बरं बाहेर. तुझा डबा दाखव सगळ्यांना."

भिंगरी टेबलाखालून रांगत बाहेर आली. तिने दोन्ही हातांनी डबा पुढे धरला. साधा तपकिरी पुठ्ठा, वर ना छपाई ना रंग. आप्पांनी तो न घेता नुसतं बोटाने दाखवलं. एकाच पुठ्ठ्याचे दोन कप्पे, एक बर्गरचा, एक काड्यांचा. पेला बसायला वर्तुळ. वरच्या पट्ट्या एकमेकींत अडकून कडी तयार होत होती. डिंक कुठेच नव्हता, शिवणच नव्हती. तळ नुसता घडीवर बसत होता, आणि बसताना तो आवाज करत होता.

थोरले भांडण विसरून खाली वाकले आणि तळाखालून अंगठा फिरवला. "वजन धरतो?"

"काल रात्री मी कापला," आप्पा म्हणाले. "सकाळपासून ही घेऊन फिरतेय. आत्ता जेवलीही त्यातच."

"सबंध पुठ्ठा एका कापात?"

"एका कापात."

थोरल्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठच्या कुठे गेला होता. छोट्या गुडघ्यांवर बसून कडी बघत होता. आणि ताई म्हणाली, "आप्पा, हा आपल्या नावावर नोंदवून घेतल्याशिवाय त्याला दाखवायचा नाही हं." म्हणजे ताईची बाजूही बदलली. खरं सांगायचं तर धाकटीलाही तो डबा सुंदर वाटला. म्हाताऱ्या माणसाने रात्रीबेरात्री उठून काहीतरी कापत बसावं, आणि सकाळी ते नातीच्या हातात द्यावं. यावर रागवायचं तरी कसं?

"खोटं बोलू नकोस," आप्पा तिला म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला होता. "ते मी तुला सांगणारच नव्हतो. तो फोटो बघून वाईट वाटलं मला, लपवत नाही. चादरीवर माझं काम असं मांडलेलं बघून वाटलं, पंचनामा चाललाय. पण उद्या मी त्याला हा दाखवतो. पेला सोडला तर अकराचा एक होतोय. घेतला तर पाळीही राहील. फक्त तू तुझ्या माणसांना आता थांबव. मी त्याच्याशी बोलत असताना काउंटरवर ढीग नको. एवढं करशील?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. किती सोपं झालं होतं. 'हो' म्हटलं की संपलं; सासूबाई चहा टाकतील, थोरले डब्याची मापं घेत बसतील.

"आप्पा," ती म्हणाली. तिला स्वतःचाच वैताग आला होता, पण जीभ थांबेना. "मुलं तिथेच बसून खातात हो. टेबलावर. तिथल्या तिथे. एक ताटली आणि एक पेला दिला तर हा एकही लागणार नाही. हाही दहा मिनिटांनी कचऱ्यातच जाणार."

"आता काय ताटल्या करू मी?" आप्पांचा आवाज चढला. "अगं, डबेवाले आहोत आपण! माझ्या वडिलांनी डबे केले, मी केले. आम्हाला दुसरं काय येतं? तुला एकही नको, आणि मला निदान एक तरी हवा. मधे कुठेतरी भेटशील की नाही?"

छोट्याने पुन्हा शेजारी बसून टेबलाखालून तिचा हात धरला. उशिराच, पण धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, दाबलाही नाही.

भिंगरीला मोठ्यांच्या बोलण्याचा कंटाळा आला होता. तिने आपला डबा उचलला, आतले पोळीचे कण बोटाने टिपून खाल्ले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे निघाली. तिथे धाकटीने मांडलेल्या तीन बादल्या होत्या. हिरवी ओल्यासाठी, निळी सुक्यासाठी. तिसऱ्या लाल बादलीत बर्गरवाल्यांकडे परत न्यायचं सामान साठायचं. तिच्यावर भिंगरीने स्वतः वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हे तुमचं'. काहीही खाऊन झालं की इथे यायचं, विचार करायचा आणि मगच टाकायचं, हे धाकटीनेच तिला शिकवलं होतं, आणि लेकीला ते इतकं आवडलं होतं की ती पाहुण्यांच्या हातातलंही काढून घेई.

भिंगरी तिन्ही बादल्यांसमोर उभी राहिली. निळीवर डबा धरला, मागे घेतला. डब्याला तेल लागलं होतं. हिरवीवर धरला, मागे घेतला. मग लाल बादलीपाशी गेली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि थबकली.

आप्पा खुर्चीत वळून तिच्याकडेच बघत होते.

"आई," भिंगरी म्हणाली, "हा 'हे तुमचं'मध्ये टाकू? पण हा तर आपल्या आजोबांचा आहे ना? मग हा कुणाचा गं?"